खिरवडकरांची पोर्ट-परीक्षा

माणसाचा अपमान करायला त्याला शिव्याच द्याव्या लागतात असं कोण म्हणतं? त्याच्या घरी एक बाटली पाठवायची आणि फोनवर सांगायचं, "प्या, आणि तिच्यात तुम्हाला काय सापडतं ते मला सांगा. बहुतेकांना काही सापडत नाही." पुरे होतं तेवढं. नरहरी खिरवडकरची झोप उडवायला कमांडर अच्युत गोगटे यांनी याहून जास्त काही केलं नाही.

कमांडर गोगटे नौदलातून निवृत्त झालेले, मुक्काम पुणे, आणि नरहरीचे होऊ घातलेले व्याही. नरहरीची गंधाली पुण्यात नोकरीला. तिनं आणि गोगट्यांच्या अनिमेषनं सगळं आपसांत ठरवून टाकलं आणि मग आईबापांना कळवण्याचं सौजन्य दाखवलं. त्याबद्दल नरहरीची तक्रार नव्हती. पोरगा सरळ होता. तक्रार होती ती पोराच्या बापाबद्दल. पहिल्याच फोनवर हा बाप म्हणाला, "लग्न पुण्यातच करू. रायपूरला आमचे पाहुणे तुम्ही उतरवणार कुठं? आणि रायपूर म्हणजे नेमकं, बिहारमध्ये ना?"

बिहारमध्ये! मध्य प्रदेशातून फुटून छत्तीसगढ हे नवं राज्य झालेलं, वर्तमानपत्रं नकाशे छापून छापून थकलेली, आणि ज्या माणसानं जन्मभर समुद्रावर दिशा शोधून जहाजं हाकली त्याला रायपूर सापडेना. कबूल, सचिवालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत होतं. नरहरीचा विभाग बसायचा त्या खोलीत पूर्वी लोकांच्या पायांना प्लास्टर घालायचे आणि पाय टांगायचे हुक अजून छताला होते. त्यांना आता फायली लटकत. मंत्री जास्त आणि बंगले कमी, गाड्या जास्त आणि रस्ते कमी, हेही कबूल. पण राजधानी ती राजधानी. आणि नरहरी त्या राजधानीतला अनुभाग अधिकारी होता.

त्याचे आजोबा वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत इकडं आले, तेव्हापासून खिरवडकर तात्यापारा या मोहल्ल्यात. घरातली प्रत्येक मुलगी याच पाऱ्यातून, याच दारातून, अख्ख्या गल्लीला रडवून सासरी गेलेली. गंधाली पुण्याच्या कुठल्याशा हॉलमधून जाणार? आणि मुलीचा बाप हातात सुटकेस घेऊन पाहुण्यासारखा तिच्या लग्नाला उतरणार? नरहरीनं फोनवरच सांगितलं, "लग्न रायपूरलाच होईल."

"बघू," कमांडर म्हणाले. "संक्रांतीनंतरच्या रविवारी मी आणि विमला येतोच आहोत. त्याआधी अनिमेष तिकडं येतोय, त्याच्याबरोबर एक बाटली पाठवतो. टॉनी पोर्ट. पोर्तुगालची. जेवणानंतर एक लहान पेला. घाई करायची नाही. माझी एक पद्धत आहे, खिरवडकर. ज्याला जीभ आहे त्याच्याशी मी वाद घालतो. बाकीच्यांना मी निर्णय कळवतो."

म्हणजे बघा! मुलीच्या लग्नाचा मांडव कुठं पडणार, हे एका बाटलीवर येऊन ठेपलं. आणि पिणार कोण? ज्यानं उभ्या आयुष्यात एकदा, भोपाळला कुणाच्या तरी निरोप समारंभात, बियरचे दोन घोट घेतले होते आणि कडू लागली म्हणून वेटरकडं साखर मागितली होती, तो.

अनिमेष बाटली देऊन गेला. जाताना त्यानं समजावून सांगितलं, की ही गोड वाइन असते, आंबतानाच तिच्यात वरून ब्रँडी घालतात म्हणून ती जड आणि कडक होते, आणि लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं पडून राहिल्यानं तिचा लाल रंग उडून ती अशी तपकिरी होते. "बाबांचा जीव आहे हिच्यावर," तो म्हणाला, आणि म्हणताना जरा ओशाळला.

बाटली घरात आली आणि पहिला प्रश्न आला, ठेवायची कुठं?

"सैपाकघरात नाही," मीरा म्हणाली. मीरा म्हणजे नरहरीची बायको. "देव आहेत तिथं."

"मग कपाटात ठेव."

"कपाटात माह्या आईची पैठणी आहे."

"पैठणी पिते का गं?"

"तुम्ही मले शिकवू नका. घरात नाही म्हणजे नाही."

नरहरीची मोठी बहीण शांताबाई, जिला सगळे आक्का म्हणत, ती माजघरातून ओरडली, "पोट्टीच्या लग्नाआधी घरात दारू आली! बाबा असते तर बाटलीसकट बाहेर काढलं असतं तुले!" बाबा स्वतः रोज तपकीर ओढत आणि विडीही ओढत, हे आक्का सोयीनं विसरली. मेलेल्या माणसाचं हे एक बरं असतं, जिवंत असताना केलेलं सगळं बहीण पुसून टाकते.

शेवटी बाटली कूलरमध्ये ठेवायचं ठरलं. हिवाळा होता. खिडकीबाहेर गल्लीवर लटकलेला कूलर पाणी काढून कोरडा करून ठेवला होता. नरहरीनं बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळली, कूलरची बाजूची जाळी काढली आणि आत हात घातला. तेवढ्यात खालून आवाज आला.

"नरहरीभाऊ, कूलरले थंडी वाजून राहिली का?"

बाबाराव. शेजारी. रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त. या माणसाला निवृत्तीनंतर करायला काही काम नव्हतं, म्हणून त्यानं दुसऱ्यांची कामं अंगावर घेतली होती. त्याला सल्ला मागावा लागत नसे. सल्ला नको असेल तर मात्र फार कष्ट पडत. तो वर आला, टॉवेल उलगडला, चष्मा कपाळावर चढवला, बाटली उलटीसुलटी केली.

"पोर्ट? हे तर बाळंतिणीले देतात."

"ती वेगळी, बाबाराव. ही वीस वर्षं मुरलेली आहे."

"मंग बाळंतीण मरून गेली असन आतापर्यंत." बाबाराव स्वतःच्या विनोदावर मनसोक्त हसला आणि एकदम गंभीर झाला. "पण नरहरीभाऊ, यावर आपल्या राज्याचा शिक्का काहून नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे राज्य नवं झालं न! जुना कायदा भोपाळचा, नवा अजून यायचा आहे. बाहेरची बाटली घरात सापडली का जप्त. तुम्ही सरकारी माणूस. माह्या साडूच्या भाच्याले..."

साडूच्या भाच्याचं काय झालं ते नरहरीनं ऐकलं नाही. 'सरकारी माणूस' एवढं त्याच्या कानात राहिलं. त्यानं नोकरीत कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. घेतला तर दुसऱ्या दिवशी पाजला होता. अशा माणसाला बेकायदा बाटली म्हणजे उशाला साप. दुसरा कुणी असता तर दार लावून पिऊन मोकळा झाला असता. पण नरहरी सचिवालयातला होता, आणि सचिवालयातल्या माणसाची श्रद्धा एकाच गोष्टीवर असते: काहीही करण्याआधी वरून परवानगी घ्यावी. म्हणजे मग ते केलं तरी चालतं, नाही केलं तरी चालतं.

चौकशीत कळलं, की अशा बाटल्यांसाठी 'मद्य वर्गीकरण प्रकोष्ठ' नावाचं एक नवंकोरं कार्यालय उघडलंय. शहरातल्या सगळ्या इमारती बड्या लोकांनी घेतल्यामुळं हे कार्यालय भनपुरीला, ट्रकांच्या गराड्यात, एका गोदामात होतं.

त्याआधी नरहरीनं एक काम करून पाहिलं. बाटलीला बूच असतं आणि ते काढायला मळसूत्र लागतं, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तो गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात गेला.

"भैया, बूच निकालने का कुछ है?"

"बूच? कौन सी टंकी का?"

"टंकी नहीं, बोतल का."

दुकानदारानं त्याला नारळ सोलायचं यंत्र दाखवलं, मग शेव पाडायचा सोऱ्या दाखवला, मग म्हणाला, "अंकल, बोतल दुकान में ले आओ, मैं तोड़ के दे दूँगा." एवढी मोठी बाजारपेठ, हंड्यापासून मंगळसूत्राच्या डबीपर्यंत सगळं मिळतं, पण बूच काढायचं साधन नाही. कारण इथला पिणारा माणूस फिरकीचं झाकण दातानं उघडतो! नरहरीला त्या अज्ञात पिणाऱ्यांचाही राग आला.

भनपुरीला तो स्कूटरवर गेला, बाटली दोन पायांच्या मध्ये टॉवेलात धरून. गोदामात एक टेबल होतं, त्यामागं शंकर साहू नावाचे अधिकारी मटाराच्या शेंगा सोलत बसले होते. मटार घरचे, वेळ सरकारी.

"नमस्कार. मुझे यह पीना है," नरहरी म्हणाला आणि बाटली टेबलावर ठेवली.

साहूंनी बाटलीकडं पाहिलं. मग नरहरीकडं. मग दाराकडं, नरहरीच्या मागं आणखी कुणी उभं आहे का ते.

"तो पीजिए."

"अनुमती चाहिए."

"किस की?"

"आप की."

शंकर साहूंनी शेंगा बाजूला सारल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत लपवून पिणारे पाहिले होते, पिऊन पळणारे पाहिले होते, पाजून सुटणारे पाहिले होते. विचारून पिणारा माणूस पहिल्यांदाच समोर आला होता, आणि जे पहिल्यांदा येतं त्याचा सरकारला संशय येतो.

"घर में और कितनी हैं?"

"एकच आहे हो! एक ही है!"

"हव, सब यही कहते हैं."

त्यांनी लेबल वाचायला घेतलं. आणि इथं खरी आफत झाली. मद्यार्काच्या इतक्या टक्क्यांच्या खाली असली तर ती वाइन, तितक्यांच्या वर असली तर ती दारू. ही दोघींच्या मध्ये, रेल्वेच्या फाटकात अडकलेल्या म्हशीसारखी उभी. वाइन असती तर प्रश्न नव्हता. दारू असती तरी प्रश्न नव्हता. पण वाइनमध्ये ब्रँडी घालून तिला मध्येच उभी करणाऱ्या पोर्तुगीजांनी छत्तीसगढच्या प्रशासनाचा विचारच केला नव्हता.

"इसका नियम होगा न कुछ?" नरहरीनं विचारलं.

"है. भोपाल में है." साहूंनी उसासा टाकला. "बँटवारे में दारू की फाइलें हम को मिलीं, वाइन की उधर रह गईं. कुर्सियाँ इधर आईं, टेबल उधर. जाँच की मशीन उधर, मशीन चलाने वाला इधर. वो देखिए."

कोपऱ्यात एक गृहस्थ खुर्चीवर टेकून झोपला होता. त्याला उठवण्यात आलं.

"मशीन नहीं है तो प्राथमिक जाँच होगी," साहू म्हणाले. "नमूना लेना पड़ेगा."

"नमूना म्हणजे?"

नमुना म्हणजे काय ते लगेच कळलं. चहाचे पेले विसळून आणले गेले. नरहरीनं मळसूत्र नाही म्हणून सांगितलं, तेव्हा साहूंनी टेबलाच्या खणातून पंख्याचा स्क्रू आणि पक्कड काढली. स्क्रू बुचावर टेकवून त्यांनी जोर लावला, तोंड लाल झालं, आणि बूच टुपकन हातात आलं. त्याला वर काळी टोपी होती. ते नुसत्या बोटांनी निघणारं होतं. ज्या बुचासाठी नरहरीनं बाजार पालथा घातला ते औषधाच्या शिशीसारखं निघालं! बाटलीवर तसं लिहायला यांना काय झालं होतं?

मग प्राथमिक जाँच झाली. झोपेतून उठलेल्या गृहस्थानं पेला भरून घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खाँसी का सिरप है." साहू म्हणाले, "नहीं यार, गुड़ की चाशनी है," आणि खात्री करायला आणखी घेतली. मतभेद झाला म्हणून शेजारच्या ट्रान्सपोर्ट कंपनीतून दोन साक्षीदार बोलावले. त्यांनीही पेले भरले. एक म्हणाला चढत नाही, दुसरा म्हणाला थांब, चढेल. नरहरी टेबलापाशी उभा राहून बाटलीतली पातळी उतरताना बघत होता. वीस वर्षं जी पिंपात शांतपणे बसून होती ती भनपुरीच्या गोदामात चहाच्या पेल्यांतून चालली होती, आणि ज्याची परीक्षा होती त्याला अजून वाससुद्धा मिळाला नव्हता!

"ठीक है," साहू शेवटी म्हणाले. "दवाई है. ले जाइए."

"लिखित में दीजिए."

साहूंचा चेहरा बदलला. "लिखित में चाहिए तो बोतल जमा कर दीजिए. भोपाल भेजेंगे."

सरकारी माणसाला सरकारनं असं उत्तर द्यावं! नरहरीला बोलायचं बरंच होतं, पण त्यानं बूच दाबलं, बाटली टॉवेलात गुंडाळली आणि स्कूटर सुरू केली.

भनपुरीचा रस्ता. पुढं ट्रक, मागं ट्रक, मध्ये खड्डे. एका खड्ड्यात स्कूटर आपटली, बूच उडालं, आणि जी काही पोर्ट उसळली ती नरहरीच्या पँटवर, गुडघ्यापासून खालपर्यंत. त्यानं अंगठ्यानं बाटलीचं तोंड दाबून धरलं आणि एका हातानं स्कूटर हाकत तो तात्यापाऱ्यात शिरला. भर दुपारी. केस विस्कटलेले, पँट भिजलेली, स्कूटर डावीउजवीकडं झोकांड्या खाणारी, हातात उघडी बाटली. आणि अंगाला असा वास की गल्लीतलं कुत्रंही जागचं उठून बाजूला झालं.

बाबाराव ओट्यावर होताच. "अरे बापा! नरहरीभाऊ, दुपारीच?"

"मी एक थेंब घेतला नाही!"

"होय, होय. दिसून राहिलं. चला, वर नेऊन सोडतो तुमाले."

"मले सोडू नका! मी शुद्धीत आहे!"

जो माणूस शुद्धीत असतो त्याला तसं ओरडून सांगावं लागत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाऱ्यात झालं, की मुलीच्या लग्नाच्या काळजीनं खिरवडकर प्यायला लागले. दुसऱ्या दिवशी बाबाराव मराठी मंडळाचा निरोप घेऊन आला. मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमाचा अध्यक्ष नरहरी होता, आता नव्हता. "त्याईचं म्हणणं, तुम्ही आराम करा," बाबाराव म्हणाला आणि काळजीनं डोळे मिचकावले. अख्ख्या मंडळात असे किती होते, जे सभा आटोपली की गाडीच्या डिकीशी जाऊन पाण्याच्या बाटलीतून भलतंच पीत! ते सगळे व्यासपीठावर, आणि न पिता दारूडा ठरलेला नरहरी घरी. कुणी कुणाला गोड बोलायचं?

उरलेलं नुकसान घरातच झालं. ती पँट धुवायला आक्कानं घेतली, नाकाजवळ नेली आणि थबकली.

"मीरा, हे तर द्राक्षासव आहे गं!"

"आक्का, दारू आहे ती."

"तुले काय समजते? मी वैद्याकडचं द्राक्षासव आठ वर्षं घेतलं. हेच आहे. उलट हे चांगलं आहे." एवढं बोलून आक्कानं कूलरची जाळी स्वतः काढली. तेव्हापासून सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा, आणि खोकला आला तर मध्ये एक. खोकला वरचेवर येऊ लागला. नरहरीला पत्ता लागेपर्यंत बाटलीत तळाशी दोन बोटं उरली होती. त्यानं विचारलं तेव्हा आक्का म्हणाली, "औषध आहे, आणि औषधाले नाही म्हणू नये." घरात दारू आली म्हणून बापाच्या नावानं गळा काढणारी बाई ती हीच!

शनिवारी दुपारी मीरा बाजारात गेली, आक्का झोपली. नरहरीनं आइस्क्रीमचा लहानसा काचेचा पेला घेतला, त्यात जरासं ओतलं आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला. राग अजून गेला नव्हता. ह्या एका घोटासाठी सगळ्या गावानं त्याचे धिंडवडे काढले होते. घोट वाईट निघाला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

निघाला नाही. आधी गोड लागला, मग जिभेच्या कडेला गरम झाला, आणि मग गोडीच्या मागून काहीतरी सरकत आलं. काहीतरी ओळखीचं. नरहरीनं घोट तोंडात धरला. गोडंबी! बिब्बा फोडून आतला गर काढतात तो. हिवाळ्यात आजी डिंकाच्या लाडवांत घालायची आणि लाडू वळायच्या आधीच तो ती वेचून खायचा. तेच तेल, तोच तुरट खमंगपणा. मग खारीक. आणि घोट गेल्यावर मागं राहिला तो वाळलेल्या मोहाच्या फुलांचा वास. इथल्या बाजारात उन्हाळ्यात पोती भरून येतात आणि वाऱ्यावर अर्धं शहर गोड करतात, तसा. त्यानं डोळे उघडले. पोर्तुगालात हे सगळं पोचलं कसं, कोण जाणे. पण त्याला सापडलं होतं. बहुतेकांना काही सापडत नाही म्हणे!

रविवारी कमांडर आले. उंच, ताठ, कपाळाला आठी पाडूनच जन्माला आलेले. त्यांच्या पत्नी विमलाबाई मागून, बारीक काठाच्या साडीत, अगदी हळू आणि अगदी पुणेरी बोलणाऱ्या. जेवणं झाली. मीरानं वांग्याची भाजी आणि पातोड्या केल्या होत्या, विमलाबाईंनी त्या मागून घेतल्या. मग बैठकीत बाटली आली. कमांडरनी ती उजेडात धरली.

"अरे वा! बरीच आवडलेली दिसते."

मीरानं मान खाली घातली. आक्का खोकली. नरहरीला खुलासा करायचा होता. कुठून सुरुवात करणार?

"बोला खिरवडकर. काय सापडलं?"

"गोडंबी."

"काय?"

"गोडंबी. बिब्ब्याच्या आतला गर. मागून खारीक, आणि शेवटी वाळलेला मोह."

कमांडर हसले. शाळेतल्या मुलाला हसावं तसं. "बिब्बा? धोबी कपड्यांवर खुणा करतो तो? नाही हो. अक्रोड. अक्रोड, संत्र्याची साल आणि जळकी साखर. मागच्या बाजूला छापलेलं आहे. जगभर सगळ्यांना हेच सापडतं. ठीक आहे, तुम्ही प्रयत्न केलात. आता लग्नाचं म्हणाल तर पुण्यात मी एक हॉल..."

"थांबा," नरहरी म्हणाला.

आवाज वाढला होता. मीरानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पाहिलं नाही.

"जगभर सगळ्यांनी गोडंबी खाल्ली आहे का? मग त्यांना ती सापडणार कशी? तुम्ही मला विचारलं, मला काय सापडलं. मागं काय छापलंय हेच ऐकायचं होतं तर आधी सांगायचं, वाचून दाखवलं असतं. वाचता येतं मला. जन्मभर तेच केलंय. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं आणि खाली सही करायची. ह्या तुमच्या बाटलीपायी मी भनपुरीपर्यंत धावलो, गल्लीत दारूडा ठरलो, मंडळातून उठवला गेलो, आणि एवढं झाल्यावर एक घोट माझ्या तोंडात गेला. त्या घोटात जे होतं ते माझ्या जिभेनं सांगितलं. त्यावर तुमचा शिक्का मला नको. गोडंबी म्हणजे गोडंबी! आणि माझी मुलगी माझ्या दारातून जाईल. निर्णय कळवायचा असेल तर तुमच्या जहाजावर कळवा!"

झालं. मोडलं लग्न, असं मीराला वाटलं. आक्काचा खोकला थांबला. कमांडरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांच्याशी या आवाजात बहुधा ऍडमिरलच बोलला असेल.

तेवढ्यात विमलाबाई पुढं वाकल्या. त्यांनी बाटली उचलली, तळाशी उरलेलं पेल्यात ओतलं आणि प्याल्या. तोंडात धरून. घाई न करता. मग पेला खाली ठेवला.

"गोडंबीच आहे," त्या म्हणाल्या.

"विमला..."

"गोडंबीच आहे. लग्न झालं त्या वर्षी मुंबईत तुमच्या त्या मेसच्या पार्टीत मी म्हटलं होतं, गोडंबी लागते. तुम्ही काय म्हणालात? लोकांसमोर असलं काही बोलू नकोस, अक्रोड म्हण." विमलाबाईंची पुणेरी बोली हळूहळू कुठंतरी सुटत चालली होती, घट्ट अंबाड्यातून केस सुटावेत तशी. "माहेर मूर्तिजापूरचं आहे माझं. माहा बाप डिंकाच्या लाडवात मूठ मूठ गोडंबी घाले. मले जीभ नव्हती का? तीस वर्षं झाली, मले अक्रोड सापडून राहिले!"

"पण विमला, छापलेलं..."

"छापणाऱ्याले म्हणा मूर्तिजापूरले ये." त्या मीराकडं वळल्या. "मीराबाई, लग्न पोरीच्या घरी होते. इथंच होईन."

"पाहुणे उतरवायचे कुठं, हा प्रश्न आहे," कमांडर म्हणाले.

"तुम्ही वरपक्ष न? वरपक्षानं जेवायचं, मान घ्यायचा आन् गप बसायचं. चला मीराबाई, आत बसू."

आणि दोघी आत गेल्या. आक्काही गेली. बैठकीत दोन बाप उरले.

नरहरी जिंकला होता. पण त्याचं निम्मं भाषण अजून तोंडातच होतं! धर्मशाळेच्या खोल्या, पाण्याचा टँकर, स्टेशनावर पाठवायच्या गाड्या, सगळं रात्रंदिवस पाठ केलेलं, आणि ते ऐकायला कुणी राहिलंच नाही. जिंकलेल्या माणसाला बोलू देऊ नये, हा कुठला न्याय? त्यानं कमांडरकडं पाहिलं आणि धर्मशाळेपासून सुरुवात केली. टँकरपर्यंत पोचेतो आतून आवाज चढले. मीरा म्हणत होती वैशाखातलाच मुहूर्त, विमलाबाई म्हणत होत्या रायपूरचा वैशाख आणि मरण यात फरक नाही, आणि आक्का दोघींनाही गप्प करत होती.

नरहरी थांबला. कमांडर थोडे पुढं सरकले आणि दाराकडं बघत हळूच म्हणाले, "तारीख ठरतेय वाटतं. आपल्याला बोलावतील का?"

"काहून बोलावतील?" नरहरी म्हणाला.